आमच्या टीव्हीत कुणी मरत नसे

मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी कडाकडा भांडले ते टीव्हीच्या बटणावरून.

भिवापूरहून नोकरीसाठी नागपूरला आले होते. शाळेत नवी नवी मास्तरीण. जरीपटक्याच्या अलीकडे एका गल्लीत माडीवरची खोली पाहायला गेले, तर घरमालकांनी नळाला पाणी किती वेळ येतं, संडास कुठे आहे, यातलं अक्षर काढलं नाही. "टीव्ही हाय," एवढंच म्हणाले आणि किल्ली हातात दिली. ऐंशीनंतरची पहिलीच वर्षं. शहरात टीव्ही येऊन फार दिवस झाले नव्हते आणि त्या गल्लीत तो एकच होता. मी लगेच हो म्हटलं. खोलीला खिडकी नाही हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

घरमालकांनी तीस वर्षं सीताबर्डीकडच्या एका टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवलं होतं. त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना ऑपरेटर म्हणायची, त्यांची बायकोसुद्धा. मीही इथे तेच म्हणते. शिडशिडीत माणूस, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही असा स्वभाव.

पहिल्या रविवारी संध्याकाळी खालच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं जमली. पोट्टे जमिनीवर, बाया भिंतीला टेकून, बाप्ये दारात. सिनेमा रंगात आला, नायकाच्या बापानं छातीवर हात ठेवला, आणि टीव्हीशेजारी स्टुलावर बसलेल्या ऑपरेटरनी खट्‌कन बटण फिरवलं. पडदा आकसून पांढरा ठिपका झाला आणि विझला. मला वाटलं वीज गेली. पण डोक्यावर पंखा तर फिरत होता.

ऑपरेटर उभे राहिले. घड्याळ पाहत म्हणाले, "बाप बरा झाला. डाक्टर टायमावर आला. आता पोरगा शहरात जाते, तिथं त्याले नोकरी लागते. थांबा सगळे."

नऊ मिनिटांनी त्यांनी बटण पुन्हा फिरवलं. काच गरम होऊन चित्र आलं तेव्हा नायकाचं डोकं भादरलेलं होतं आणि भिंतीवर बापाचा फोटो होता, हार घातलेला.

"काका, बाप बरा झाला तं फोटोले हार काहून?" मागून कुणीतरी विचारलं.

"बरा झाला म्हणूनच घातला," ऑपरेटर म्हणाले. "आनंदाचा हार हाय. चूप बस."

सिनेमा संपल्यावर मी त्यांना गाठलं. पुस्तकाची मधली पानं फाडून कुणी वाचायला देतं का, असं काहीसं बोलले. ते शांतपणे ऐकत होते, म्हणून मला आणखीच चेव आला. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तरीणबाई, हा टीव्ही मी कोनासाठी घेतला?"

"सगळ्यांसाठी."

"तुमी सगळे फुकटे," ते म्हणाले. "टीव्ही तिचा हाय."

खोलीच्या कोपऱ्यात वेताच्या खुर्चीवर एक गोरीपान बाई बसली होती. मांडीवर पितळेचा डबा होता आणि तिनं तो दोन्ही हातांनी धरला होता. इतक्या गर्दीत माझं तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "शो सुटला कावं? ऑपरेटरचा डबा द्याचा हाय."

ऑपरेटर तिच्या समोर उभे होते.

त्या दुखण्याला तेव्हा आमच्याकडे नाव नव्हतं. चांगली माणसं म्हणायची भ्रम झाला, वाईट माणसं म्हणायची पागल झाली, आणि शहाणी माणसं 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळी व्हायची. काकू, म्हणजे ऑपरेटरची बायको, आधी भाजीत मीठ विसरल्या. मग बाजारातून घरी येण्याचा रस्ता विसरल्या. मग भाच्या-पुतण्यांची नावं गेली आणि शेवटी नवरा. म्हणजे नवरा आठवत होता, पण तो तिकडे टॉकीजच्या केबिनमध्ये, काळ्या केसांचा. घरात वावरणाऱ्या या म्हाताऱ्याला त्या टॉकीजचा गेटकीपर समजत. त्याच्याशी चांगलं वागत, पण डोक्यावरचा पदर ढळू देत नसत. ऑपरेटरनी मला हे सांगितलं तेव्हा मी बावळटासारखं म्हटलं, "किती वाईट वाटत असेल तुम्हाला."

"वाईट काहून? मानूस चांगला होता तो गेटकीपर," ते म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की झोपेच्या गोळ्या द्या, पडून राहतील. ऑपरेटरनी चिठ्ठी तिथेच टेबलावर ठेवली. "झोपवाचंच असतं तं तुमच्यापर्यंत काहून आणली असती?" असं विचारून ते बायकोला घेऊन परत आले आणि त्याच आठवड्यात जरीपटक्याच्या बाजारातून टीव्ही आणला. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. बायकोचं डोकं फिरलं म्हणून टीव्ही घेणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. ऑपरेटरचं म्हणणं असं, की तीस वर्षं मी लोकांना खुर्चीत बसवून ठेवलं, या एका बाईला बसवता येणार नाही का.

पण बसवायचं कशापुढे, हा खरा प्रश्न होता आणि त्यावर त्यांनी जेवढा विचार केला तेवढा आमच्या हेडमास्तरांनी शाळेवर केला नसेल. बातम्या पहिल्या आठवड्यातच बंद झाल्या. कारण बातम्या देणारा कोट घालून थेट काकूंकडे पाहत बोलायचा. काकू उठून त्याला पाणी आणून द्यायच्या आणि तो पाण्याला हात लावायचा नाही. काकूंना ते फार लागलं. "एवढा शिकेल मानूस, अन् घोटभर पानी नाही घेत आपल्या घरचं," असं म्हणत त्या एकदा जेवल्याच नाहीत. त्या घरात ही गोष्ट हसण्यासारखी नव्हती. पाणी नाकारणं म्हणजे काय ते छप्पन्न साली दीक्षा घेण्याआधी त्या दोघांनी पुरेपूर पाहिलं होतं. ऑपरेटर म्हणाले, माझ्या घरात येऊन माझ्या बायकोचा अपमान करतो, हा माणूस पुन्हा नको. तो पुन्हा आला नाही. कार्यक्रम सांगणारी मुलगी मात्र त्यांना पसंत होती. ती हसायची, हात जोडायची आणि जायची. काकूही हात जोडायच्या.

सगळ्यांत वरचा नंबर शेतीच्या कार्यक्रमाचा. दोन माणसं संत्र्याच्या झाडाखाली उभी राहून खतावर बोलताहेत, मागे एखादा बैल शेपटी हलवतोय, आणि काकू गालाला हात लावून तासभर पाहताहेत. मी एकदा म्हटलं, "काका, यात काय आहे बघण्यासारखं?" तर म्हणाले, "यात कोनी मरत नाही. लय झालं तं कापसावर अळी पडते, अन् तिचं बी औषध सांगतात." मधेच बिघाड होऊन 'रुकावट'ची पाटी लागली की गल्लीभर शिव्या सुरू व्हायच्या, आणि काकू ती पाटीसुद्धा आनंदानं पाहायच्या. ऑपरेटर म्हणायचे, बघा, पाटी कशी जागेवर राहते.

खरी लढाई रविवारच्या सिनेमाची. जुनेच सिनेमे लागत आणि त्यातले बहुतेक ऑपरेटरनी कधी ना कधी चालवलेले. सिनेमाचं नाव पेपरात आलं की ते कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून यादी काढत. ती यादी मी पाहिली आहे. 'तीन, मारामारी. पाच, आगगाडी, मानूस जाते. सहा, रडारड. नऊ, लग्न, पन शेवटी बिदाई. बारा, ठीक.' हे आकडे रिळांचे. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक बारीक गोल ठिपका चमकून जातो. त्या खुणेवर ऑपरेटर दुसरं मशीन चालू करतो. आपल्याला तो ठिपका कधी दिसत नाही. त्यांना टीव्हीवरही दिसायचा. ठिपका आला की ते बोट दुमडत, आणि यादीतल्या आकड्याचं रीळ लागलं की हात बटणावर.

गंमत म्हणजे नोकरीत असताना याच माणसानं कधी इंचभर फिल्म वगळली नव्हती. दिवाळीत एक जादा शो बसवायचा म्हणून मॅनेजरनं दोन रिळं गाळायला सांगितली, तर यांनी केबिनला आतून कडी लावली आणि सगळा सिनेमा चालवला. मॅनेजर बाहेरून दार वाजवत राहिला. मी त्यांना हे ऐकवलं, की तेव्हाचे तुम्ही आणि आताचे तुम्ही यांत काही मेळ आहे का? ते म्हणाले, "तवा पब्लिक तिकीट काढून पूर्ण सिनेमा पाहाले येत होती. इथं पब्लिक एकच हाय. अन् तिनं जिंदगीत सिनेमा पुरा पाह्यला नाही."

ते खरं होतं. काकू रोज दुपारी डबा घेऊन केबिनमध्ये जात आणि ते जेवेपर्यंत भिंतीतल्या चौकोनी भोकातून पडद्याकडे पाहत. जेवण संपलं की डबा घेऊन घरी. प्रत्येक सिनेमाची त्यांनी मधली वीस मिनिटं पाहिली होती, तीही सिनेमा हटेपर्यंत रोज तीच. सुरुवात काय, शेवट काय, त्यांना कधी पडलंच नाही.

मग एवढं काटेकोर कशासाठी? त्याचं कारण माझ्या येण्याआधीच घडलं होतं. एका रविवारी ऑपरेटर डोळे चोळत बसले आणि बिदाईचं गाणं पूर्ण लागून गेलं. नवरी रडत रडत निघाली. सकाळी काकू घरात नव्हत्या. त्यांनी दोन लुगडी गाठोड्यात बांधली होती आणि उमरेडच्या बसमध्ये जाऊन बसल्या होत्या. उमरेड त्यांचं माहेर. तिथे आता त्यांचं कुणी उरलं नव्हतं. कंडक्टर भला माणूस होता, त्यानं त्यांना उतरवून स्टँडवर बसवून ठेवलं. ऑपरेटर त्यांना शोधत बारा तास फिरले. भिलाईला नोकरीला असलेल्या एकुलत्या एका मुलाला ते कळलं आणि त्यानं पत्र लिहिलं, की पुन्हा असं झालं तर मी आईला इकडे घेऊन जाईन.

गल्लीचं आणि ऑपरेटरचं पटत नव्हतंच. एकदा तर कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं सगळ्यांदेखत सुनावलं, की एका पागल बाईपायी साऱ्यांचा रविवार काहून खराब करता. ऑपरेटरनी टीव्ही बंद केला, दार सताड उघडलं आणि म्हणाले, "जा. ज्याले मेलेला मानूस पाहाचा असन त्यानं मोक्षधामात जा. इथं नाही दिसनार." किराणावाल्यानं चिडून स्वतः टीव्ही घेतला. गल्ली तिकडे गेली. ऑपरेटरच्या खोलीत आम्ही तिघेच उरलो. मी का उरले? हट्टानं. मलाही त्या किराणावाल्याचा राग आला होता. पण महिन्याभरात दोन म्हाताऱ्या हळूच परत आल्या. एकीचा जवान मुलगा गेला होता. ती म्हणाली, "तिकडं रडाले लागते बाप्पा. इथं बरं वाटते."

मग मुलगा आला. पत्र न पाठवता, रविवारी दुपारी. त्याला कुणीतरी कळवलं होतं की तुझ्या बापाचंही डोकं ठिकाणावर नाही, बंद टीव्हीपुढे उभा राहून गोष्टी सांगतो. मुलगा वाईट नव्हता. दमलेला होता. त्यानं आईच्या पायांना हात लावला, तर तिनं पाय आखडून घेतले.

"बाबा, असं चालणार नाही," तो म्हणाला. "उद्या मी आईला नेतो. क्वार्टरला मागे एक खोली आहे. मी ड्यूटीवर गेलो की बाहेरून कडी लावता येते. सुरक्षित राहील."

"कडी?" ऑपरेटर म्हणाले.

"तिच्याच भल्यासाठी."

"तुह्या मायनं तुले कधी कडी लावली का गा? चालता येत नव्हतं तवा तू बी कुठं बी जात होता."

"बाबा, ती बसमध्ये जाऊन बसली होती!"

"थे माही चूक होती. तिची नाही." मग त्यांनी कॅलेंडरचं पान मुलाच्या हातात दिलं. "आज संध्याकाळी बस इथं. पाहा ते कशी राहते. घाबरली, रडली, उठून चालाले लागली, तं घेऊन जा. मी आडवा येनार नाही. नाही तं एकटा जाशीन."

मला हे पटलं नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे हे ठीक, पण काकूंना असं पणाला लावणारे हे कोण? मी तसं बोललेही. ते यादी तपासत बसले. यादी पक्की होती, हा सिनेमा त्यांनी स्वतः कितीतरी आठवडे चालवला होता. सातव्या रिळात नायकाची आई मरते, ते एक सोडलं तर बाकी सगळं गोड.

संध्याकाळी आम्ही बसलो. काकू खुर्चीत, मांडीवर डबा. मुलगा त्यांच्या पायाशी जमिनीवर. दोन म्हाताऱ्या आणि मी भिंतीशी. ऑपरेटर स्टुलावर, गुंडी लावून. पहिल्या ठिपक्याला एक बोट दुमडलं. मग दुसरं. काकू एका गाण्यावर मान डोलवत होत्या. मुलानं तेही पाहिलं. पाच बोटं झाली, सातवं रीळ यायला अजून एक बोट बाकी होतं, आणि एकदम पडद्यावर खाट आली. खाटेवर आई, उशाशी औषधाची बाटली, आणि लहानगा मुलगा तिच्या छातीवर पडून हंबरडा फोडतोय.

टीव्हीवाल्यांनी वेळेत बसवायला मधलं एक रीळ अख्खं गाळलं होतं. ज्या गोष्टीसाठी हा माणूस मॅनेजरशी भांडला होता ती कुणीतरी मुकाट्यानं केली होती, आणि जगात दुसरं कुणी असं करेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण! ते उठले, पण घाईत त्यांना बटण सापडेना.

काकू उभ्या राहिल्या. डबा खाली ठेवला. मला वाटलं, आता या दाराकडे जाणार, आणि उद्या ती कडीची खोली.

पण त्या दाराकडे वळल्या नाहीत. पायाशी मुलगा बसला होता आणि तो पडद्याकडे पाहून रडत होता. तो कशासाठी रडत होता ते त्याचं त्याला ठाऊक. काकू खाली बसल्या, पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"अरे बाप्पा, रडते काहून?" त्या म्हणाल्या. "शिनेमा हाय हा. मी रोज पाहातो ना. थे माय मरत नाही गा. सहाच्या शोमंदी पुन्हा उठून बसते अन् भाकरी थापते. वर ऑपरेटर बसला हाय, तो लावते तिले पुन्हा. तू पानी पे."

आणि त्यांनी त्याला पाणी आणून दिलं. त्यानं ते घोटाघोटानं सगळं प्यायलं. काकू पेल्याकडे पाहत राहिल्या. मग खुर्चीत बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि उरलेला सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. ऑपरेटर टीव्हीला पाठ टेकून उभे होते. सिनेमा संपेपर्यंत त्यांनी एकदाही पडद्याकडे पाहिलं नाही.

मुलगा हातपाय धुवायला मागे गेला तेव्हा ते जिन्यापाशी आले. मी म्हटलं, "काका, काकू तर भ्यायल्या नाहीत."

"आज नाही भेली. उद्याचं कोनी सांगावं?" ते म्हणाले. "पन इतके दिवस मीच भेत होतो वं. तिचं नाव करून मीच नव्हतो पाहात. मले नाही पाहावत ते खाट."

"मग आता पुढच्या रविवारी?"

"बंद करीन," ते ताडकन म्हणाले. "मॅनेजरचं नाही आइकलं, डाक्टरचं नाही आइकलं, आता मास्तरणीचं आइकू काय? माहा टीव्ही हाय."

"टीव्ही काकूंचा आहे," मी म्हटलं.

त्यावर ते पहिल्यांदा हसले. मला त्या माणसाचा तेव्हा इतका अभिमान वाटला की मी पटकन वर निघून गेले.

सोमवारी सकाळी मुलगा एकटाच निघाला. बापलेकांत काय बोलणं झालं मला माहीत नाही, फार झालं नसावं. काकू ओट्यावर उन्हात बसल्या होत्या आणि मी शाळेत जायला चप्पल घालत होते. तो त्यांच्या पाया पडला. या वेळी त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्या बराच वेळ निरखत राहिल्या.

"कोनाचा पोरगा हाय वं हा?" त्यांनी मला विचारलं. "चांगला हाय."

मी ऑपरेटरकडे पाहिलं. ते दारात होते. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, तर मुलानं त्यांना हातानं थांबवलं.

"तुही माय हाय ना गा?" काकू त्याला म्हणाल्या.

"हाय," तो म्हणाला. शिकलेली शुद्ध भाषा त्याच्या तोंडून गळून गेली होती.

"मंग तिच्याकडं जात जाय. लोकाच्या घरी येऊन बसता तुमी पोरं, अन् ते तिकडं वाट पाहून राहिली असन."

त्यानं पिशवी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"जाईन, मावशी," तो म्हणाला. "रविवारी जातो."